दुबईचा दवाखाना आणि आपली वही



आज आपण परदेशातल्या दवाखान्यांबद्दल बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, आम्ही कुठे चाललोय परदेशात? पण खेड, दापोली, मंडणगडपासून पलीकडे म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत एखादी वाडी तरी अशी दाखवा, जिथल्या एकाही घरातला माणूस आखातात नाही. तो तिकडे आजारी पडला की फोन इकडे येतो आणि पैशाची जुळवाजुळव इकडे सुरू होते.

आमच्या गटांत हल्ली कर्जाच्या अर्जावर एक नवं कारण दिसायला लागलं: ‘मालकांच्या तिकडच्या उपचारासाठी.’ आजवर पैसा तिकडून इकडे यायचा, आता इथली आठवड्याची बचत तिकडच्या रुग्णालयात जाते, हे आम्हाला खटकलं. म्हणून आम्ही एकेकीला बसवून विचारलं. एका ताईचा नवरा दुबईत एसीच्या कामावर. मुतखड्याने तीन महिने कळवळत होता, पण डॉक्टरकडे गेला नाही. खोलीतल्या दुसऱ्याच्या डब्यातल्या वेदनाशामक गोळ्या खाऊन कामावर जायचा. का? तर ‘तिकडे डॉक्टरकडे एकदा गेलं की महिन्याचा पगार जातो,’ असं कोणीतरी सांगितलेलं. शेवटी एका रात्री मित्रांनी उचलून जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयात नेलं. त्या रात्रीचा तातडीचा खर्च विम्याने दिला. पुढच्या तीन दिवसांचा दिला नाही, कारण ते रुग्णालय त्याच्या विम्याच्या यादीत नव्हतं. म्हणजे विमा होता. पहिल्या दिवसापासून होता. त्याला आणि तिला दोघांनाही तो कसा वापरायचा हे माहीत नव्हतं.

गोंधळ कुठे होतो ते सांगतो. आपल्या डोक्यात दोनच दारं असतात. सरकारी म्हणजे केसपेपर काढा, रांग लावा, पैसे नाहीत. खासगी म्हणजे पैसे मोजा. तिकडे हे गणित लागू पडत नाही. दुबईत मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, अपघातासाठी राशिद रुग्णालय तर सगळ्यांना माहीत आहे. पण बाहेरून आलेल्या माणसाला सरकारी म्हणून फुकट उपचार मिळत नाहीत. उलट एखादा छोटा खासगी दवाखाना त्याच्या विम्यात बसतो आणि तिथे थोड्या पैशांत काम होतं. कुठल्या दारात जायचं हे विम्याची यादी ठरवते. आणि हो, आपल्या रेशनकार्डावर मिळणारी महात्मा फुले योजना तिकडे चालत नाही. हा प्रश्न आम्हाला खरंच विचारला गेलाय, आणि विचारणारीचं काही चुकलं नाही.

आपण सगळ्यालाच ‘दुबई’ म्हणतो, माणूस शारजात असो की कतारला. पण नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, म्हणून आधी तो नक्की कुठे आहे ते विचारा. दुबईत २०१३ च्या कायद्याने प्रत्येक कामगाराचा विमा मालकाने उतरवायचा असतो. अबुधाबीत त्याच्याही आधीपासून आहे. शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल क्वैन इथे १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरीतल्या आणि घरकाम करणाऱ्या माणसांसाठी सक्तीचा झाला. सौदीतही खासगी कंपनीने विमा द्यायचाच असतो. कतारमध्ये सरकारी आरोग्य कार्ड काढलं की सरकारी दवाखान्यात कमी दरात उपचार मिळतात, आणि एकट्या राहणाऱ्या मजुरांसाठी तिथल्या रेड क्रिसेंटची वेगळी केंद्रं आहेत.

आपल्याकडची जास्त माणसं दुबईत, म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगतो. पगार महिन्याला ४ हजार दिरहमपर्यंत असेल तर निदान मूळ पॉलिसी तरी मिळतेच. वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंतचा खर्च त्यात धरलेला असतो. हप्ता मालकाने भरायचा. तो पगारातून कापणं बेकायदा आहे. ‘विम्याचे कापले’ असं कोणी फोनवर म्हणालं तर पगाराची पावती मागवून बघा. बाहेरच्या बाहेर डॉक्टरला दाखवलं तर बिलाचा पाचवा हिस्सा आपला, बाकीचा विम्याचा. औषधांत आपला वाटा थोडा जास्त. महिन्याचा पगार जातो, ही गोष्ट खरी नव्हे.

पण रीत पाळावी लागते. आपल्याला सवय कशी, पाठ दुखली की थेट हाडाच्या डॉक्टरकडे, तोही रत्नागिरीचा नाहीतर मुंबईचाच. त्या पॉलिसीत आधी साध्या डॉक्टरकडे जायचं. त्याने चिठ्ठी दिली तरच स्पेशालिस्टकडे, नाहीतर बिल आपल्या अंगावर. प्लॅस्टिकचं वेगळं विमा कार्ड बहुतेकांना मिळतही नाही. विमा एमिरेट्स आयडीला जोडलेला असतो, तेच ओळखपत्र दाखवायचं. ‘मला कार्डच दिलं नाही, म्हणजे विमा नाही,’ असं समजून किती माणसं दुखणं अंगावर काढतात! आणि मधुमेह, रक्तदाब असा आधीचा आजार असेल, तर पहिल्यांदा नाव लागल्यापासून सहा महिने त्याचा नेहमीचा खर्च मिळत नाही. जिवावर बेतलं तर तातडीचा मिळतो. म्हणून साखरेच्या गोळ्या सुरू असलेल्या माणसाने जाताना तीन महिन्यांचा साठा आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊनच निघावं. चिठ्ठी इंग्रजीत, आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडचं कंपनीचं नाव तिकडे कोणाला कळत नाही.

सामानाचं बोलतोच आहोत तर ऐका. ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिकडच्या सरकारच्या आधीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. इथे मेडिकलवाला ओळखीने देतो, तिथे विमानतळावर अटक होऊ शकते. आणि बाळंतिणीसाठी, थंडीसाठी आपण डिंकाचे लाडू करतो, त्यात खसखस घालतो ना? तिकडे खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. मायेने बांधून दिलेल्या डब्यापायी माणूस कोठडीत जायला नको. लाडू द्या, खसखस वगळून द्या.

आता खरी अडचण. पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत ते नुसत्या पैशापायी नाही, नोकरी जाईल या भीतीने. जाण्याआधी मेडिकल, तिथे उतरल्यावर पुन्हा मेडिकल. त्यात टीबी वगैरे निघालं तर परत यावं लागेल हे सगळ्यांनी ऐकलेलं. त्यामुळे नंतरही खोकला लपवायचा, ताप लपवायचा. हे लपवणं आम्हाला समजतं. डोक्यावर एजंटाचं कर्ज असताना कोण हौसेने आजार सांगेल? पण तिथला कायदाही माहीत हवा. अमिरातींत परीक्षाकाळ संपला की वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, बाकीचे बिनपगारी. आजारी असल्याचं तीन दिवसांत मालकाला कळवायचं आणि डॉक्टरचा दाखला द्यायचा. कामावर असताना इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाचा, आणि उपचार चालू असेपर्यंत सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार. त्यापुढे आणखी सहा महिने अर्धा. पण इजा कामावर झाली याची नोंद त्याच वेळी व्हायला हवी. ‘खोलीत पडलो म्हणून सांग’ असं मुकादम म्हणाला, तर तसं सांगू नये. एका गटातल्या ताईच्या भावाने मुकादमाचं ऐकलं. हात तुटला त्याचा, आणि दोन महिन्यांचा पगार गेला.

जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर आखातात जायला सरकारी मंजुरी लागते. त्याच वेळी प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी काढावी लागते. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये मिळतात. पॉलिसी एजंटाच्या फायलीत राहते आणि बायकोला तिचा पत्ताच नसतो. ती आणा. तुमच्या ट्रंकेत ठेवा.

लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला तिकडे जाणाऱ्या आयांना वेगळं सांगतो. तुम्ही जाता भेटीच्या व्हिसावर. जावयाच्या किंवा मुलाच्या कंपनीचा विमा तुम्हाला लागू नाही. निघताना प्रवास विमा काढा, आणि काढताना तुमचा रक्तदाब, साखर लपवू नका. स्वस्त पॉलिसीत जुना आजार बहुधा वगळलेला असतो, ते सही करण्याआधी वाचून घ्या, नाहीतर नातवाकडून वाचून घ्या. दुबईत सुनेचा विमा मात्र मुलाने काढायचा असतो. तिचा व्हिसा त्याच्या नावावर आहे, कंपनीवर ती जबाबदारी नाही. बाळंतपणाच्या खर्चाला मर्यादा असते, म्हणून दिवस राहिल्यावर लगेच पॉलिसी उघडून बघायला सांगा.

आमच्या गटांनी एक ठरवलंय. परदेशी जाण्यासाठी कर्ज हवं असेल तर अर्जासोबत नोकरीच्या कराराची प्रत द्यायची, आणि माणूस पोहोचल्यावर महिनाभरात विम्याचा नंबर, कंपनीचं नाव आणि यादीतल्या जवळच्या दोन दवाखान्यांची नावं गटाच्या वहीत लिहायची. यावरून बैठकीत वाद झाला. ‘नवऱ्याचे कागद गटाला कशाला?’ असं एकीने विचारलं, आणि तिचंही बरोबर होतं. म्हणून वही अध्यक्षांकडे न ठेवता प्रत्येकीने आपापली ठेवायची असं ठरलं. गट फक्त विचारणार, लिहिलंस का? चार जणींचं लिहून झालंय. एकीच्या नवऱ्याला स्वतःलाच विमा कंपनीचं नाव माहीत नव्हतं. तिने विचारलं म्हणून त्याने ऑफिसात विचारलं.

वहीत हे नंबरही घ्या. अमिरातींत रुग्णवाहिकेसाठी ९९८, पोलिसांसाठी ९९९. सौदीत रुग्णवाहिका ९९७. दुबईत भारतीयांसाठी चोवीस तास चालणारं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा टोल फ्री नंबर ८०० ४६३४२, तिथल्या फोनवरून लावायचा. बिल हाताबाहेर गेलं, माणूस अडकला, तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. त्यातून तातडीच्या उपचाराला मदत मिळू शकते. अर्ज तिथूनच करायचा असतो. सगळ्यांनी पेन घेतलंय ना? पुन्हा सांगतो, ८००, मग ४, ६, ३, ४, २.