शेवाळाशी भांडू नका, त्याचं जेवण बंद करा
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तिगावपासून समुद्र फार दूर. तरी मोबाइलवर रंगीत प्रवाळांच्या टाक्या पाहून पोरं तशीच टाकी मागतात. आधी एक सांगतो. दगडासारखी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ती समुद्रातून काढणं गुन्हा आहे. मासे मात्र हौसेनं पाळा. टाकी गोड्या पाण्याची असो की खाऱ्या, काच हिरवी होण्याचं कारण एकच.

शेवाळाला उजेड लागतो आणि खत लागतं. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्याचं खत. संत्र्याच्या बागेसाठी आपण खत विकत आणतो. टाकीत ते उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा कुजून फुकट तयार होतं.

म्हणून टाकी खिडकीजवळ ठेवू नका. दिवा सहा ते आठ तासच लावा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ते आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवा. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर घाण पचवणारे जिवाणू मरतात. खाऱ्या टाकीतलं पाणी वाफेनं घटलं की आरओचं गोडं पाणी घाला, कारण मीठ उडून जात नाही.

नव्या टाकीतला तपकिरी थर डायटमचा असतो, काही आठवड्यांत आपोआप जातो. निळसर-हिरवा, वास मारणारा बुळबुळीत थर हे खरं शेवाळ नव्हे, ते जिवाणू असतात. तो नळीनं ओढून काढा. तांब्याचं औषध ओतायची घाई नको. त्यानं गोगलगायी, झिंगे मरतात, आणि मेलेलं शेवाळ कुजून पाण्यातला प्राणवायू खातं.

आता टाकीकडून तळ्याकडे या. हिशेब तोच. विसर्जनाच्या दिवशी हार, दूर्वा, प्रसाद पाण्यात गेला की ते शेवाळाचं जेवण होतं. निळ्या-हिरव्या थराचं काही पाणी विषारी असतं. ते पिऊन जनावरं दगावू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांतही निर्माल्य वेगळं काढायला सांगितलं आहे. यंदा मूर्ती मातीची आणू, निर्माल्य खड्ड्यात पुरू. पुढच्या हंगामात तेच खत फुलझाडांना घालू.

गणपती बाप्पा मोरया!