दम नाही, असे म्हणण्याआधी

दुसऱ्याच सेटला पोरगा थकला, की आपण म्हणतो, ‘दम नाही!’ पण खरे कारण स्नायूत असते. जड वजन उचलायला तिथे क्रिएटिन फॉस्फेटचा साठा लागतो. तो दहाएक सेकंदांत उतरतो. बराचसा भरून यायला दोन-तीन मिनिटे जातात. लांबलेल्या कुस्तीनंतर तर याहून जास्त वेळ हवा. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना तेवढी विश्रांती न मिळताच पुन्हा आखाड्यात उतरावे लागले, असे सांगतात. तरी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कांस्यपदक घेऊनच परतला. म्हणून राजगढच्या आपल्या पोरांना रागावू नका. दोन सेटमध्ये थांबू द्या, पोटभर जेवू द्या, पुरेसे झोपू द्या. विश्रांतीही व्यायामातच धरा. गणपती बाप्पा मोरया!