पाठीवरचा क्रमांक



आमच्या छंदाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, हा आम्ही आमचा गौरव समजतो. शौर्यपदके जमविणारे पुष्कळ आहेत. आम्ही जमवितो ते युद्धात अपंग झालेल्या शिपायांचे बिल्ले.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा इंग्लंडात साध्या पोशाखातील तरुण दिसला की काही स्त्रिया त्याच्या हाती पांढरे पीस देत. 'तू भ्याड आहेस', हा त्याचा अर्थ. रणांगणावर जायबंदी होऊन परतलेल्यांच्या वाट्यासही हा अपमान येई. म्हणून सप्टेंबर १९१६ मध्ये तेथील सरकारने रुप्याचा एक वाटोळा बिल्ला सुरू केला. जखमेमुळे वा आजारामुळे सेवामुक्त झालेल्याने तो नागरी पोशाखावर उजव्या बाजूस लावावयाचा. मध्ये राजाची आद्याक्षरे, कडेने 'राजा आणि साम्राज्यासाठी. सेवा बजावली' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे, आणि पाठीवर क्रमांक.

प्रारंभी आम्ही या क्रमांकाकडे ढुंकूनही पाहिले नाही. रुपे किती स्वच्छ, टाचणी शाबूत आहे की नाही, एवढेच पाहिले. पुढे कळले की लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या बिल्ल्यांच्या याद्या जपलेल्या आहेत. क्रमांकावरून शिपायाचे नाव, पलटण, भरतीची व मुक्ततेची तारीख आणि मुक्ततेचे कारण कळू शकते. आमच्या एका बिल्ल्याचा असा शोध लागला आणि यादीत 'जखमा' एवढाच शब्द वाचून आम्ही स्तब्ध झालो. ज्यास आम्ही वस्तू म्हणत होतो, तो एक मनुष्य होता.

ही गोष्ट केवळ इंग्लंडची नव्हे. त्याच महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूत येथील वेढ्यात त्या उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील सैन्यास शरण जावे लागले. अपंग हिंदी सैनिकांस हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरी संस्था १९१७ साली स्थापन झाली. ती आज पुण्याजवळ खडकीस आहे. त्या युद्धातील रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले असे. अशी कित्येक पदके सराफाच्या मुशीत वितळली, आणि त्यांबरोबर ती नावेही.

म्हणून आपणांस एकच विनंती. माजघरातील जुन्या पेटीत असे काही सापडल्यास ते तराजूत टाकण्यापूर्वी उलटून पाहा, कडेवरील अक्षरे वाचा, आणि घरच्या वृद्धांस विचारून ती हकीकत वहीत लिहून ठेवा. वस्तू आमच्यासारख्या संग्राहकास दिली नाही तरी चालेल. नाव मात्र हरवू देऊ नका.