नाटक कशाला म्हणतात?



आज नाटकाविषयी थोडे बोलायचे आहे. खेळ पाहणे आपल्या देवळालीला नवे नाही. जत्रेतला वग आपण पाहिला आहे. देवळातले कीर्तन ऐकले आहे. मग नाटक वेगळे ते काय?

कीर्तनकार बुवा गोष्ट सांगतात. "मारुतीने लंका जाळली," असे ते म्हणतात आणि आपण ऐकतो. नाटकात कोणी असे सांगत बसत नाही. मारुती स्वतःच समोर येतो, रावणाशी बोलतो, उडी मारतो. सारे आत्ता आपल्या डोळ्यांदेखत घडते. गोष्टीतल्या माणसांना पात्रे म्हणतात. त्यांच्या आपसातल्या बोलण्याला संवाद म्हणतात. आणि समोर बघणारी माणसे हवीत. ती नसली तर ती नुसती तालीम झाली!

मराठी नाटकाची सुरुवात सांगलीपासून धरतात. तेथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. त्यात सूत्रधार पदे म्हणे आणि नट आपली भाषणे ऐन वेळी मनाने करीत. आपल्या वगातही पुष्कळदा असेच चालते. त्यात मजा फार. पण त्या रात्रीचे बोलणे त्या रात्रीच विरून जाते. लिहिलेले नाटक मात्र टिकते.

अशाच एका लिहिलेल्या नाटकाची हकिकत ऐका. ते आपल्यासारख्या लोकांचे आहे, म्हणून आम्ही मुद्दाम निवडले. त्याचे नाव 'तृतीय रत्न'. महात्मा जोतिराव फुले यांनी ते १८५५ साली लिहिले. हे तेच जोतिराव, ज्यांनी आपल्या नगरची मिस फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली.

नाटकात एक कुणबी आहे. त्याची बायको गरोदर आहे. एक जोशी दारात येतो. तो ग्रहांची भीती घालतो. पोटातल्या मुलाला धोका आहे म्हणतो. झाले! अनुष्ठान करा, ब्राह्मणभोजन घाला. बिचारे ऐपतीबाहेर खर्च करतात.

आता बघा, नाटकाला ओढाताण लागते. एकाला एक हवे, दुसऱ्याला दुसरे. बाईला मूल सुखरूप हवे आहे. जोश्याला दक्षिणा हवी आहे. ही बाई मूर्ख नाही हं. तिला मुलाची काळजी आहे, आणि पंचांगात काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नाही. जोशी नेमका तेथेच पाय रोवतो. पाहणाऱ्याच्या मनात येते, "अगं, देऊ नकोस!" असे मनात आले की नाटक जमले म्हणावे.

जोतिरावांनी एक विदूषकही घातला आहे. जुन्या खेळांत विदूषक हसवायला असे. येथला विदूषक बोचरा आहे. प्रत्येक प्रसंगावर तो लोकांना उघड बोलून दाखवतो, की कोण कोणाला कसे फसवीत आहे. पुढे एक पाद्रीही येतो, वाद होतो. तो भाग थोडा लांबला आहे, असे आम्हाला वाटते. शेवटी नवराबायकोचे डोळे उघडतात. शिकलो नाही म्हणून फसलो, हे त्यांना कळते. ती दोघे जोतिरावांच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. आरंभी पात्र कसे होते आणि शेवटी कसे झाले, हे नाटकात नेहमी पाहावे. तशी रात्रशाळा जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी त्याच १८५५ साली खरोखरच काढली होती. म्हणजे नाटकातली वाट गावातल्या खऱ्या दारापाशी जात होती.

पण नाटकाचे नशीब पाहा. त्या काळी मराठी पुस्तकांना बक्षीस देणारी दक्षिणा प्राइज कमिटी होती. जोतिरावांनी तिच्याकडे नाटक धाडले. कमिटीने ते घेतले नाही. ब्राह्मण सभासदांपुढे साहेब लोकांचे काही चालले नाही, असे जोतिरावांनी पुढे 'गुलामगिरी' पुस्तकात लिहिले. १८९० साली ते वारले, तोवर नाटक छापले गेले नव्हते. ते छापून आले १९७९ साली! एकशे चोवीस वर्षे कागद पडून राहिला. ज्यांच्यासाठी लिहिले त्या कुणब्यांच्या चार पिढ्या ते न पाहताच गेल्या. आज ते शासनाने काढलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहे.

आता वाचायची रीत. नाटकाच्या पानावर आधी पात्राचे नाव असते. पुढे त्याचे बोलणे असते. नाव मोठ्याने म्हणायचे नाही. कंसात 'रडत', 'घाबरून' असे लिहिलेले असले, तर ते करायचे, बोलायचे नाही. शाळेच्या संमेलनात एक मुलगा ऐटीत "कंसात रडतो" असे म्हणाला होता. सगळी सभा हसली आणि तोही हसला!

एका पात्राची भाषणे वेगळी उतरवून घेतात. त्या कागदाला नक्कल म्हणतात. आजवर वाचता न येणाऱ्या नटाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ करावे लागे. तुम्ही आता आपली नक्कल आपण उतरवू शकता.

पुढच्या शनिवारी वर्गात पहिला प्रवेश वाचू. बाईचे काम बाईनेच घ्यावे. भाव्यांच्या काळी ते पुरुष करीत. जोश्याचे काम कोणी घ्यायला तयार होत नाही असा अनुभव आहे, तेव्हा ते आम्ही करू. विदूषकाला पाठांतर पुष्कळ आहे. ज्याला घ्यायचे त्याने वही घेऊन लवकर यावे.