भर नव्हे, बीज

कार्बनचे नॅनोकण घातले की प्लास्टिक मजबूत होते, हे वाक्य आता सर्वांच्या कानांवरून गेले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे आणि आज मी तेच मांडणार आहे. वितळलेले प्लास्टिक गोठताना कसे रचले जावे, हे ठरवणे हेच या कणांचे खरे काम. भर म्हणून त्यांचे जे मोल आहे, त्याहून बीज म्हणून अधिक आहे.

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे रेणू, हे आपण जाणताच. तिथे थांबत नाही. एका शोधापाशी मात्र थांबावे लागेल. 1957 साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिलीनच्या विरळ द्रावणातून चपटे स्फटिक वाढवले. त्यांची जाडी सुमारे 10 नॅनोमीटर, साखळ्यांची लांबी मात्र त्याच्या कितीतरी पट. आणि त्या साखळ्या तर स्फटिकाच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या! मग त्या मावल्या कशा? पुन्हा पुन्हा घडी घालूनच, असा निष्कर्ष केलरांनी काढला. या घड्या इतक्या नीटनेटक्या असतात हे पॉल फ्लोरींसारख्या दिग्गजाने मानले नाही, आणि तो वाद पुढे बरीच वर्षे चालला. ठरल्यापेक्षा जास्त वेळ मी इथे घेतला, कारण माझ्या मुद्द्याचा पाया हाच आहे. गुंतलेल्या साखळीला शिस्तीत बसणे अवघड असते, आणि सर्वांत अवघड असते ती सुरुवात.

खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, तेच काम इथे कार्बन करतो. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात वितळलेले पॉलिप्रॉपिलीन 130 अंश सेल्सियसच्या आसपास आणून ठेवा. काळोखात तुरळक ठिपके उजळतात आणि प्रत्येकाचा गोल, पोटात काळी फुली असलेला स्फटिकसमूह सावकाश पसरत जातो. त्यातच शेकड्यात एका भागाहूनही कमी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, नीट पसरून घातल्या, तर सगळे क्षेत्र एकदम बारीक दाण्यांनी भरून जाते. थंड करताना स्फटिकीभवनही अधिक तापमानालाच सुरू होते. पॉलिथिलीनच्या बाबतीत याचे एक कारण मापात सापडते. नळीची भिंत म्हणजे गुंडाळलेली ग्राफाइटची जाळीच; या जाळीतली रचना दर 0.246 नॅनोमीटरला पुन्हा येते, पॉलिथिलीनच्या साखळीतली 0.254 नॅनोमीटरला. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. नळी अगदी बारीक असेल तर या मापाचेही महत्त्व कमी होते. साखळ्या नळीच्या लांबीलाच समांतर होतात आणि स्फटिकांच्या चकत्या तिच्यावर आडव्या वाढतात. नुसत्या भरीला अशी दिशा देता येत नाही.

कुणी म्हणेल, बीज इतके गुणी, तर भरपूर घाला. तिथेच घोटाळा होतो. बीजे पुरेशी झाली की आणखी घालून फारसे काही साधत नाही. उलट नळ्यांचे दाट जाळे साखळ्यांची हालचाल अडवते आणि स्फटिकांची वाढ मंदावू शकते. कण नीट पसरले नाहीत, त्यांचे गोळे झाले, तर वस्तू तिथूनच तडकते. दुसरा आक्षेप सभागृहातून चिठ्ठीने आला आहे: हे काम स्वस्तातली टाल्क पावडर करतेच की! करते, आणि साध्या बादलीला तीच पुरे. पण टाल्क वीज वाहून नेत नाही. स्फटिकांची रचना आणि विद्युतवहन ही दोन्ही एकाच घटकाकडून हवी असतील, तिथेच नॅनोकार्बनचा खर्च सार्थ ठरतो. तिसरी शंका आरोग्याची, आणि ती मी हलक्यात घेणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुभित्तिक नळ्यांच्या एका प्रकाराला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले आहे. नळ्यांची धूळ हाताळणाऱ्या कामगाराला संरक्षण मिळालेच पाहिजे. कमीत कमी कार्बन वापरा, या माझ्या आग्रहाला त्यामुळे बळच मिळते.

वेळ संपल्याची चिठ्ठीही आली आहे, म्हणून आग्रह सांगून थांबतो. सभागृहात प्लास्टिक तंत्रज्ञानाचे विद्यार्थी दिसतात. नॅनोकार्बनमुळे प्लास्टिक सुधारले असे कुणी सांगितले, तर तीन प्रश्न विचारा: किती घातला, कसा पसरवला आणि वितळलेला माल कोणत्या वेगाने थंड केला? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय तो दावा स्वीकारू नका.