आधी लस, मग पिल्ले

(सास्तूर येथे महिला बचत गटांच्या व हितचिंतकांच्या एकत्र बैठकीत आमच्या एका कार्यकर्त्याने केलेले भाषण)



सास्तूरच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. त्या भूकंपानंतर दूरदूरची माणसे मदत घेऊन या भागात आली. कोणती मदत उपयोगी पडते आणि कोणती नुसती पडून राहते, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? म्हणून आमच्या हातून झालेली एक चूक आज तुमच्यापुढे मोकळेपणाने सांगतो.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात आदिवासी पाड्यांवर काम करतो. तिथे घरटी पाच-दहा गावठी कोंबड्या असतात. मुलाला वही-पेन हवे, घरात कोणी आजारी पडले, तर बाई एक कोंबडी घेऊन आठवडे बाजाराला जाते. घरातल्या मोठ्या पैशाला तिला विचारावे लागते, पण कोंबडीचा पैसा तिच्या हातचा असतो.

काही वर्षांपूर्वी देणगीच्या पैशातून आम्ही बारा घरांना पिल्ले दिली. सकाळी बाजारातून आणली, संध्याकाळपर्यंत वाटली. सगळ्यांना आनंद झाला. आठवड्याभरात एका घरातून निरोप आला की पिल्ले पेंगतात, हिरवट-पांढरे हगतात, चोच उघडी ठेवून श्वास घेतात. मी लगेच गेलो. पिल्ले हातात घेऊन पाहिली आणि तशाच हातांनी, त्याच चपलांनी पुढच्या घरी गेलो. एका सकाळी सात घरे केली. पुढे त्या साती घरांत रोग दिसला. काही कोंबड्यांच्या माना मागे पिळवटल्या, पाय लुळे पडले. एक मावशी मला म्हणाल्या, “भाऊ, तुमची पिल्ले गेली त्याचे काही नाही. पण माझ्या जुन्या कोंबड्या होत्या, त्याही गेल्या.” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हा रोग म्हणजे मानमोडी. त्यालाच राणीखेत म्हणतात. तो विषाणूचा आहे, म्हणून एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. लसूण, हळद, माणसांच्या गोळ्या, कशानेही तो बरा होत नाही. तो हगवणीतून, नाका-तोंडाच्या स्रावातून पसरतो आणि आपल्या चपला, टोपल्या, डालगी, खाद्याची पोती यांच्यावर बसून घरोघर जातो. सर्वांत जास्त तो आपल्या घाईने पसरतो. दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या मरायच्या आत बाजारात विकाव्या, नाहीतर बहिणीकडे पाठवाव्या, असे आपल्याला वाटते. गरिबाला तसे वाटणारच, मी त्याला दोष देत नाही. पण आपण चार पैसे वाचवतो आणि बाजाराला आलेल्या दहा गावांत रोग पाठवतो.

आणखी एक धोका आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तो आमच्या नवापुरात. आधी कोंबड्या मरत होत्या तेव्हा अनेकांना ती मानमोडीच वाटली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासल्यावर एच५एन१ विषाणू निघाला. मग तीन किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्यात मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या होत्या, तशा अंगणातल्या गावठीही होत्या. माणसाला लागण झाल्याचे तेव्हा तिथे सिद्ध झाले नाही, पण हा रोग माणसालाही होऊ शकतो. २०२१ मध्ये नवापुरात तो पुन्हा आला. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तेही याच रोगाने. म्हणजे ही गोष्ट फक्त आदिवासी पाड्यांची नाही.

मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तर त्या कापू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. उघड्या हातांनी उचलू नका आणि मुलांना जवळ जाऊ देऊ नका. उरलेल्या कोंबड्या खुराड्यात कोंडा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. ते सांगतील तसे मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हात साबणाने धुवा. बातमी लपवली तर नुकसान टळत नाही, वाढते.

मानमोडीवर औषध नसले तरी लस आहे, आणि ती महागही नाही. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. आठ आठवड्यांच्या सुमारास आरटूबी लस पंखाखाली टोचतात. पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा. ही निरोगी कोंबड्यांनाच द्यायची. मग लोक देत का नाहीत? कारण लसीची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांपुरती असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोण आणणार? पण बारा घरांच्या आठ-आठ मिळून शहाण्णव होतात. एका घराला न जमणारे काम बारा घरांना सहज जमते.

आता आमच्या पाड्यांवर लसीचा दिवस ठरलेला असतो. आदल्या दिवशी निरोप जातो. पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी काम सुरू होते, कारण एकदा सोडल्या की धरायला सापडत नाहीत. थर्मासमध्ये बर्फ असतो. शिकलेल्या दोन बाया थेंब टाकत घरोघर जातात आणि प्रत्येक घराबाहेर हात धुऊन, चपला चुन्यावर पुसून पुढे जातात. बाहेरून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवतात. त्या मावशी आता या कामात पुढे असतात. मानमोडी अजून येते, पण पाडाच्या पाडा रिकामा होत नाही.

शेवटी तुम्हा हितचिंतकांना एक विनंती. पुष्कळदा पत्र येते, “अमुक इतकी पिल्ले आमच्या नावाने द्या.” त्यामागचे प्रेम आम्हाला समजते. पण पिल्लांच्या आधी लस द्या, थर्मास द्या, बर्फ आणायला लागणारे एसटीचे भाडे द्या, लस टोचायला शिकणाऱ्या बाईच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय करा. थर्मासचा फोटो चांगला येत नाही, हे खरे. पण त्यामुळे मावशींच्या खुराड्यात आहे ते टिकते, आणि त्यातूनच नवी पिल्लेही निघतात.

आणि सास्तूरच्या बहिणींनो, तुमच्या गटात किती घरे आहेत आणि किती कोंबड्या आहेत, ते आज घरी जाण्यापूर्वी मोजा. शंभराच्या आसपास भरल्या, तर लसीचा दिवस इथेच ठरवूया.