ऊन, कातडी आणि घरखर्च



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांना हसूं आलें असेल. साठी उलटलेल्या, मॅट्रिकनंतर अध्यापनाची परीक्षा देऊन सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलेल्या मास्तरानें तोंडाला लावावयाच्या क्रीमवर बोलावें, हें चमत्कारिक दिसतें खरें. माझ्या लहानपणीं थंडींत ओठांना व टाचांना कोकमाचें तेल, आणि दिवाळींत अंगाला उटणें, एवढाच आमच्या घरचा या बाबतींतला पसारा होता. 'स्नो' हा शब्द आम्हांला ठाऊक होता, कारण १९१९ सालीं मुंबईंत निघालेल्या 'अफगाण स्नो'ची निळी बाटली एका आत्याच्या पेटींत असे. पण ती बाटली लग्नकार्यापुरतीच बाहेर येई. परंतु दोन गोष्टी अशा घडल्या कीं, या विषयाकडे लक्ष देणें मला भाग पडलें.

पहिली गोष्ट घरांतलीच आहे. पांच-सहा वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीच्या दोन्ही गालांवर वांग उठले. शेजारच्या बाईंनीं एका ट्यूबचें नांव सांगितलें. औषधाच्या दुकानांतून ती मींच आणून दिली. चिठ्ठी कोणीं विचारली नाहीं, आणि आम्हींहि विचार केला नाहीं. पंधरवड्यांत चेहरा उजळला, तेव्हां आम्ही दोघेंहि खूष झालों. चार महिन्यांनीं मात्र गाल लाल दिसूं लागले, कातडी पातळ झाली, उन्हांत पाऊल टाकलें कीं आग होऊं लागली. आणि ट्यूब बंद करतांच वांग पूर्वींपेक्षां गडद झाले. त्या वर्षीं चैत्रांतल्या हळदीकुंकवाला ती कोणाच्याहि घरीं गेली नाहीं. "डोकें दुखतें" असें सांगून ती घरींच बसे. खरें कारण मला माहीत होतें.

शेवटीं त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं ट्यूब पाहिली, तींत स्टेरॉइड असल्याचें सांगितलें, आणि विचारलें, "उन्हापासून रक्षणासाठीं आपण काय लावतां?" आम्ही एकमेकांकडे पाहिलें. रंग उजळविण्यासाठीं आम्हीं महिनोन्महिने पैसे मोजले होते. ऊन अडविण्यासाठीं एक पैसाहि खर्चिला नव्हता. अशीं अनेक स्टेरॉइडयुक्त मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकूं नयेत, असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालींच केलेला आहे, हें मला त्यानंतर कळलें.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यांतली. प्रार्थना, कवाईत, पाहुण्यांचें स्वागत, या निमित्तानें मीं तीस वर्षें मुलांना पटांगणांत उन्हांत उभें केलें. स्वतः मी बहुधा निंबाच्या सावलींत असें. त्याचें मला आज वाईट वाटतें, म्हणून हें भाषण थोडें प्रायश्चित्तहि आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. सूर्यप्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतील दोन प्रकारांशीं आपला संबंध येतो. इंग्रजी अक्षरांवरून त्यांना 'ए' आणि 'बी' अशीं नांवें आहेत. 'बी' किरणांची तरंगलांबी सुमारें २९० ते ३२० नॅनोमीटर. ते ऐन दुपारीं जोरांत असतात, आणि कातडी लाल होऊन सोलवटते ती मुख्यतः त्यांच्यामुळें. 'ए' किरणांची तरंगलांबी ३२० ते ४०० नॅनोमीटर. ते कातडींत अधिक खोल जातात, सकाळपासून सायंकाळपर्यंत कमीअधिक असतात, आणि खिडकीच्या साध्या कांचेंतूनहि आंत येतात. सुरकुत्या आणि डाग वाढविण्यांत त्यांचा हात मोठा. आपल्या सांवळ्या वर्णांतील रंगद्रव्य हें निसर्गानें दिलेलें छत्र आहे, यांत शंका नाहीं. त्यामुळें गोऱ्या लोकांच्या मानानें त्वचेचा कर्करोग आपल्यांत कमी आढळतो. परंतु वांग आणि काळे डाग यांचा उपद्रव आपल्यालाच अधिक, कारण ऊन लागतांच तेंच रंगद्रव्य जागजागीं अधिक तयार होतें.

ऊन केव्हां कडक समजावें? याला यंत्र नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षां आंखूड पडत असेल, तर रक्षण हवें. एप्रिलमध्यें आपल्याकडे ही स्थिति सकाळीं साडेनऊ-दहापासून दुपारीं साडेतीनपर्यंत असते. मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्याकडे एके दिवशीं दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो व अंगणांत रोवलेल्या काठीची सावली नाहींशी होते. नातवंडांकडून हा प्रयोग अवश्य करवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनें अतिनील किरणांचा एक निर्देशांक ठरविलेला आहे. तो ३ किंवा अधिक असतां रक्षण करावें, असें ती सांगते. आणि ११ व त्यापुढील अंक तिच्या कोष्टकांत शेवटच्या, अतितीव्र वर्गांत पडतो. आपल्या उन्हाळी दुपारीं हा अंक ११ च्या पुढें जाणें नवलाचें नाहीं.

आतां दुकानांतील ट्यूब हातांत घेऊं. तिच्यावर 'एस.पी.एफ.' आणि पुढें एक अंक असतो. एस.पी.एफ. ३० म्हणजे ३० टक्के नव्हे, आणि ३० तासहि नव्हेत. उघडी कातडी लाल होण्यास जेवढे किरण लागतात, त्याच्या तीसपट किरण लागल्यावर लेप लावलेली कातडी लाल होईल, असा त्याचा अर्थ. टक्क्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर १५ चा अंक सुमारें ९३ टक्के, ३० चा सुमारें ९७ टक्के, आणि ५० चा सुमारें ९८ टक्के 'बी' किरण अडवितो. तेव्हां सर्वसाधारण माणसास ३० पुरे. ज्यांना वांग आहेत किंवा ज्यांना दिवसभर उन्हांत काम करावें लागतें, त्यांनीं ५० घ्यावा. याहून मोठ्या आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत.

हा अंक मुख्यतः 'बी' किरणांचा झाला. 'ए' किरणांसाठीं 'पी.ए.' हीं अक्षरें व त्यांपुढें अधिकाचीं चिन्हें पाहावींत. ही पद्धति १९९६ सालीं जपानांत निघाली. चौथें चिन्ह २०१३ सालीं आलें. निदान तीन चिन्हें असावींत, किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे शब्द तरी असावेत. यांपैकीं कांहींच नसेल, तर डबीवर सूर्याचें चित्र कितीहि सुंदर असो, ती खालीं ठेवावी.

यापुढील भाग गणिताचा आहे, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेंत हा अंक ठरवितांना दर चौरस सेंटिमीटर कातडीवर दोन मिलिग्रॅम लेप लावतात. चेहरा आणि मान यांना या हिशोबानें साधारण एक ग्रॅम लागतो. मापाची सोपी युक्ति अशी कीं, तर्जनी व मधलें बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढावी. तेवढें क्रीम म्हणजे एका माणसाचें एका वेळचें.

आमच्या घरीं पूर्वीं काय होत असे, तें सांगतों. सूनबाईंनीं चारशें रुपयांची, पन्नास ग्रॅमची एक ट्यूब आणली होती. घरांत माणसें पांच. महाग वस्तु म्हणून प्रत्येक जण वाटाण्याएवढें घेई, आणि ती ट्यूब तीन महिने पुरली. काटकसरीचें सर्वांनीं कौतुक केलें. पुढें मीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों. पांच माणसें आणि नव्वद दिवस, म्हणजे चारशें पन्नास वेळां लावणें. त्यांत पन्नास ग्रॅम वांटले, तर एका वेळीं ग्रॅमचा नववा हिस्सा! लेप पातळ झाला कीं रक्षणहि उतरतें. म्हणजे चारशें रुपये खर्चून आम्हीं पांच जणांपैकीं एकाचेंहि रक्षण केलें नव्हतें.

यावर उपाय काय? किंमत डबीवर पाहूं नये, ग्रॅमवर पाहावी. ती ट्यूब ग्रॅमला आठ रुपये पडली. त्याच अंकाची, तीन चिन्हांची, शंभर ग्रॅमची दुसरी ट्यूब तीनशें रुपयांस मिळाली. ती ग्रॅमला तीन रुपये पडली. पांच जणांनीं रोज पूर्ण माप घेतलें, तर महिन्यास दीडशें ग्रॅम लागतील. पहिल्या ट्यूबनें हा खर्च बाराशें रुपये, दुसरीनें साडेचारशें. पेन्शनच्या घरांत हाहि खर्च थोडा नव्हे. म्हणून आम्हीं पुढची पायरी घेतली : गरज कोणाची किती, हें पाहिलें.

मुलगा सकाळीं सातला गाडी पकडतो, दिवसभर खिडकीपासून दूर बसतो व दिवेलागणीनंतर परततो. त्याला ग्लिसरीनचा साधा, स्वस्त मॉइश्चरायझर पुरतो. मी आठच्या आंत फिरून येतों, आणि मग टोपी व छत्री वापरतों. उरल्या तिघी : वांग असलेली पत्नी, दुचाकीवर नोकरीस जाणारी सून, आणि खो-खो खेळणारी नात. तिघींचे रोजचे तीन ग्रॅम, म्हणजे महिन्यास नव्वद. नातीचा रविवारचा सराव दुपार होईपर्यंत चालतो, म्हणून चार रविवारीं दोन तासांनंतरचा दुसरा हात, म्हणजे आणखी चार ग्रॅम. शंभरांतून सहा उरले. ते माझ्या कानांना आणि टकलाला! तीनशें रुपयांत महिना बसला.

एकाच डबींत ओलावा आणि रक्षण असावें, कीं दोन निरनिराळ्या वस्तु घ्याव्यात, असें पुष्कळ गृहिणी विचारतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतें, आणि पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ तें उडूं देत नाहींत. हें झालें ओलाव्याचें काम. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा इतर रसायनें किरण अडवितात. घर, कचेरी आणि बाजार एवढाच ज्यांचा दिनक्रम, त्यांना हीं दोन्ही कामें करणारें एकच क्रीम पुरतें. मात्र माप वर सांगितलेलेंच. मैदानावर किंवा दुचाकीवर फार वेळ जाणाऱ्यांनीं घामानें न उतरणारें सनस्क्रीन घ्यावें आणि दर दोन तासांनीं पुन्हां लावावें. १५ च्या अंकावर ३० च्या अंकाचें क्रीम लावल्यानें ४५ होत नाहींत. येथें बेरीज चालत नाहीं. अंगाला, टाचांना आणि रात्रीं चेहऱ्याला साधा मॉइश्चरायझर किंवा खोबरेल पुरे. स्नानानंतर अंग ओलसर असतांच लावल्यास थोडक्यांत काम होतें.

खोबरेल ओलाव्यास उत्तम, पण उन्हास तें पुरेसें नाहीं. हळद-चंदनाचा लेप शीतल खरा. रक्षणासाठीं त्यावर विसंबूं नये. लिंबाचा रस लावून उन्हांत तर मुळींच जाऊं नये, त्यानें कातडी भाजून डाग पडतात. नवें क्रीम प्रथम दोन-तीन दिवस कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें. मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला नसेल, तर तें फुकटहि घेऊं नये. सहा महिन्यांच्या आंतील बाळास क्रीमऐवजीं सावली आणि अंगभर सुती कपडा द्यावा. आणि क्रीम घेणें ज्यांना परवडत नाहीं, त्यांनीं खिन्न होऊं नये. पदर, टोपी आणि छत्री यांना मुदत नाहीं व माप नाहीं. पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरील मुली ओढणीनें तोंड बांधून जातात, त्यांची आम्हीं थट्टा केली. पण शहाणपणा त्यांच्याकडे होता.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं सूनबाई नातीला म्हणाल्या, "खो-खो पुरे आतां, काळी पडशील." मुलगी कांहीं बोलली नाहीं, बूट काढून कोपऱ्यांत ठेवले. पत्नी आंतल्या खोलींत होती. ती बाहेर आली आणि आपल्या गालाला हात लावून म्हणाली, "उजळ होण्यासाठीं मीं काय केलें, तें पाहिलेंत ना? तिला क्रीम लावा, टोपी द्या, आणि खेळूं द्या." सूनबाईंनीं मग स्वतः नातीच्या दोन बोटांवर दोन रेघा ओढल्या.

श्रोतेहो, एका प्रसिद्ध क्रीमनें २०२० सालीं आपल्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढला; आपल्या बोलण्यांतून तो केव्हां जाईल, तें आपल्या हातीं आहे. पत्नीचे वांग पूर्ण गेलेले नाहींत, फिके मात्र झाले आहेत. यंदाच्या चैत्रांत ती हळदीकुंकवाला गेली होती, आणि परत येतांना ओटींतले हरभरे माझ्यासाठीं घेऊन आली.